आज १०० नाही, ४० चेंडू

आज गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, ४०च चेंडू मारले आणि खूप दिवसांनी खरा सराव झाल्यासारखं वाटलं. एरवी सेव्हन आयर्न हा मधल्या अंतराचा क्लब (गोल्फची काठी) घेऊन एकाच लक्ष्याकडे मारत राहायचे. दहाव्या चेंडूला लय सापडते, पण कोर्सवर तोच फटका पुन्हा मारायला मिळत नाही! शिवाय रेंजवर चेंडूखाली असलेली मॅट फसवते. क्लब चेंडूच्या मागे आपटला तरी घसरून पुढे जातो, फटका बरा वाटतो. गवतात तोच अर्ध्यावर पडतो.

आज मनातल्या मनात ९ होल खेळले. लांब फटक्याला ड्रायव्हर, मग आयर्न, मग जवळच्या फटक्याला वेज. दर चेंडूला नवं लक्ष्य. चुका वाढल्या, पण प्रत्येक कळली. उरलेला अर्धा तास पटिंगला, म्हणजे चेंडू घरंगळत होलमध्ये घालण्याला, दिला. पार ७२, म्हणजे १८ होलसाठी ठरलेले ७२ फटके, या हिशेबात ३६ फटके पटिंगचेच धरलेले असतात.