तक्रार पायांची, कारण मानेत : निदानापर्यंतचा माझा अनुभव

चालताना पाय जड वाटू लागले आणि जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागू लागला, म्हणून तपासणीची सुरुवात साहजिकच कमरेपासून झाली. कमरेच्या एमआरआयच्या रिपोर्टात एल४-एल५ या, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी किंचित बाहेर आल्याचे लिहिले होते. कारण सापडले असे समजून गोळ्या आणि व्यायाम सुरू झाले; पण पाय सुधारले नाहीत, उलट शर्टाची बटणे लावताना बोटेही अडखळू लागली.

पुढे ज्या न्यूरोलॉजिस्टांकडे गेलो, त्यांनी फिल्मचे पाकीट बाजूला ठेवून आधी मला तपासले. गुडघ्याखाली हातोडी हलकेच लागताच पाय उसळला. तळपायाच्या बाहेरच्या कडेने हातोडीच्या दांड्याचे टोक ओढल्यावर पायाचा अंगठा खाली वळण्याऐवजी वर गेला. मग त्यांनी माझ्या हाताच्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली, तर त्याच हाताचा अंगठा आपोआप आत वळला. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि त्याखाली फक्त नसांचा जुडगा असतो. त्यामुळे एल४-एल५ च्या गादीने नस दाबली गेली तर प्रतिक्षिप्त क्रिया मंदावू शकतात, पण त्या अशा उसळत नाहीत, असे त्यांनी समजावून सांगितले. गादी थोडी बाहेर आलेली असणे हे वयानुसार कसलीही तक्रार नसलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये दिसते. माझ्या हातांवरही परिणाम झाला होता, म्हणजे दोष मानेत किंवा मेंदूत शोधायला हवा होता.

तपासणीच्या चिठ्ठीवर त्यांनी नुसते ‘मेंदू व मानेचा एमआरआय’ असे लिहिले नाही, तर लक्षणे लिहून ‘मज्जारज्जूवर दाब आहे का?’ असा नेमका प्रश्न विचारला. या संपूर्ण प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच ओळ, कारण प्रतिमा कितीही स्पष्ट असली तरी ती शरीराच्या ज्या भागाची काढली आहे, त्याच्यापलीकडचे काही सांगू शकत नाही.

एमआरआयपूर्वी पेसमेकर, मेंदूतील रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप, डोळ्यात कधी गेलेला धातूचा कण, अशा सगळ्या गोष्टी बारकाईने विचारल्या गेल्या. तिथले चुंबक १.५ टेस्ला (चुंबकीय ताकदीचे एकक) इतके शक्तिशाली होते आणि यंत्र वापरात नसतानाही ते चालूच असते, म्हणून ही विचारपूस टाळता येत नाही. ज्यांना एमआरआय करता येत नाही, त्यांच्या पाठीत सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात औषध सोडतात आणि मग सीटी स्कॅन काढतात. माझ्या मानेवर पिंजऱ्यासारखी कॉइल (प्रतिमेसाठीचे संकेत टिपणारे उपकरण) बसवून हातात गरज पडल्यास दाबायचा रबरी फुगा दिला. ठोके पडत असताना शक्यतो आवंढाही गिळू नका, असे तंत्रज्ञांनी बजावले होते, कारण तेवढ्या हालचालीनेही मानेची प्रतिमा पुसट होते.

नंतर रेडिओलॉजिस्टांनी प्रतिमा पडद्यावर दाखवल्या. मेंदू निर्दोष होता. एमआरआयमध्ये टी-१, टी-२ अशा वेगवेगळ्या प्रकारच्या प्रतिमा काढतात. मानेच्या टी-२ प्रतिमेत मज्जारज्जूभोवतीचा द्रव पांढराशुभ्र दिसतो आणि त्यातून मज्जारज्जूची करडी पट्टी खाली उतरते. सी५-सी६, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांपाशी मात्र पट्टीच्या दोन्ही बाजूंची पांढरी रेघ नाहीशी झाली होती आणि खुद्द पट्टीत एक लहानसा उजळ ठिपका होता, म्हणजे दाबामुळे मज्जारज्जूला इजा पोहोचू लागली होती. त्याच जागी टी-१ प्रतिमेत काळेपणा आढळला नाही, हे त्यांना आशादायक वाटले.

एवढे स्पष्ट दिसल्यावर पुन्हा सीटी स्कॅन कशासाठी, असे मी शल्यचिकित्सकांना विचारले. त्यांनी सांगितले, मणक्यांच्या मागच्या बाजूने जाणारा अस्थिबंध (हाडांना जोडून ठेवणारा चिवट पट्टा) कधी कधी हाडासारखा कठीण होतो. एमआरआयमध्ये मऊ अस्थिबंध आणि कठीण झालेला अस्थिबंध दोन्ही काळेच दिसत असल्याने त्यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही, सीटीत मात्र तो लगेच कळतो आणि शस्त्रक्रिया पुढून करायची की मागून, हे ठरवायला त्याची मदत होते. मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन साधे एक्स-रेही काढले, कारण मणके हालचालीत सरकतात का, हे आडवे झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये समजत नाही. अस्थिबंध मऊच निघाला, मणकेही स्थिर होते आणि शस्त्रक्रिया पुढून झाली.

चालणे आता बरेच सुधारले आहे. नंतरच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूभोवती पांढरी रेघ पुन्हा दिसू लागली. ठिपका मात्र अजून आहे. म्हणून मी केवळ रिपोर्ट नव्हे, तर प्रत्येक तपासणीच्या मूळ प्रतिमांची सीडी जपून ठेवतो, कारण ठिपका वाढला की तेवढाच राहिला, हे जुनी प्रतिमा शेजारी लावून पाहिल्याशिवाय डॉक्टरांना सांगता येत नाही.