आमची वाटचाल : आण, शोध, थांब

नाशिकमध्ये लॅब्रॅडॉर (लॅब) आणि गोल्डन रिट्रीव्हर ही कुत्री गल्लोगल्ली दिसतात. पॉइंटर, म्हणजे वास लागला की जागीच थबकणारे कुत्रे, मोजकेच, तेही बहुतेक फार्महाउसवर. आमचं काम सुरू झालं ते कॉलेज रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांत घरी जाऊन कुत्र्यांना शिकवण्यापासून : बस, ये, पट्टा न ओढता चाल. चपला पळवणाऱ्या, गॅलरीत येरझाऱ्या घालणाऱ्या लॅबला बहुतेक वेळा काम हवं असतं, हे तिथेच पटत गेलं. वासावर शोधायचं आणि तोंडात अलगद धरून आणून द्यायचं, यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलेली ही जात आहे. म्हणून पुढे गिरणारे गावाच्या बाजूला सरावासाठी रान भाड्याने घेतलं.

शिकार मात्र आम्ही शिकवत नाही, आणि हे पहिल्याच भेटीत सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मारणं तर गुन्हा आहेच, पण प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकून काढणं हेही शिकारीच्या व्याख्येत बसतं. ससा किंवा तित्तर उठला की कुत्रा जागेवर बसलाच पाहिजे. सराव कापडी डमीवर, म्हणजे शिकारीऐवजी आणायला टाकलेल्या भरीव गुंडाळीवर, आणि कोंबडीच्या पिसांवर होतो.

पहिला धडा घरातल्या पॅसेजमध्ये होतो. दोन महिन्यांच्या पिल्लापुढे गुंडाळलेला मोजा दोन-तीन मीटरवर टाकायचा. दोन्ही बाजूंना भिंती असल्याने ते घेऊन पळायला वाट नसते, परत तुमच्याकडेच यावं लागतं. आलं की मोजा लगेच काढून घ्यायचा नाही. छातीवर, मानेखाली हात फिरवायचा, क्षणभर मिरवू द्यायचं, मग जबड्याखाली तळहात धरून ‘दे’ म्हणायचं. असं दोन-तीन वेळा, बस. चौथ्यांदा टाकायचा मोह घरातल्या मुलांना हमखास होतो आणि पिल्लाचा कंटाळा तिथूनच सुरू होतो. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलत असताना आम्ही हा सराव थांबवतो. हिरड्या दुखतात, आणि वस्तू तोंडात धरली की दुखतं एवढंच ते शिकतं. रस्सीखेच तर कधीच नाही, त्याने चावून धरायची सवय लागते.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे ‘आणतो, पण दोन हात लांबच टाकून देतो.’ कारण बहुधा खिशातलं बिस्कीट असतं : ते घ्यायला तोंड रिकामं करावं लागतं. नाहीतर मालक पुढे वाकून हात लांब करतो आणि कुत्रा बिचकून थबकतो. अशा वेळी पाठ वळवून दोन पावलं लांब जा, तो डमीसकट तुमच्या मागे येतो. आणण्याचं बक्षीस म्हणजे शाबासकी आणि पुढची फेक, खाऊ नाही.

डमी आम्ही ताडपत्रीवाल्याकडून कॅनव्हासचे शिवून घेतो, आत लाकडाचा भुसा. पिल्लासाठी पावशेराच्या आसपास, मोठ्या कुत्र्यासाठी साधारण अर्धा किलो. रंगालाही महत्त्व आहे. कुत्र्याला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. त्यामुळे हिरव्या गवतातला नारिंगी डमी आपल्याला लांबून दिसतो, त्याला मात्र वासावर शोधावा लागतो. नवख्यासाठी पांढरा वापरावा.

धावण्याआधी बसून राहणं यायला हवं. चार डमी टाकले तर तीन आम्ही स्वतः चालत जाऊन उचलतो, एकच त्याचा. पडलेली प्रत्येक वस्तू आपलीच, असा समज झाला की ते सोडवायला महिने जातात. शिट्टीची खूण ठरलेली : एक लांब म्हणजे बस, तुटक तीन-चार म्हणजे ये. आवाजाला राग, थकवा लागतो, शिट्टीला लागत नाही, म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच सुराची वापरावी.

शोधण्याचं काम वाऱ्यावर चालतं. वारा तोंडावर घेऊन उभं राहायचं आणि कुत्र्याला डावी-उजवीकडे नागमोडी फिरवायचं, पंधरा-वीस मीटरच्या आत. गवतात आधीच चेंडू लपवलेले असतात. वारा पाठीमागून असेल तर तो सरळ लांब पळतो, मग मालक ओरडत सुटतात. त्यात कुत्र्याचा दोष नसतो.

पॉइंटरचं थबकणं उपजत असतं, आपण ते फक्त टिकवायचं. काठीला पीस बांधून खेळवायची पद्धत आहे, पण ती एक-दोनदाच, कारण त्यात तो नाकाने नाही, डोळ्याने थबकतो. खरा धडा असा : पिसं जाळीच्या डब्यात लपवा, दहा मीटरचा सुती दोर लावा, वारा आडवा येईल असं चालवा. वास लागला की मान ताठ, एक पंजा अधांतरी, शेपूट सरळ. दोराला हिसका न देता हळूच जवळ जा, पाठीवर हात फिरवा, ‘थांब’ म्हणा. तिथे दटावलं तर पुढच्या वेळी वास येऊनही तो न आल्यासारखा वळून जातो, आणि ही खोड मोडणं फार जड जातं. शिवाय आणण्याचा आणि थबकण्याचा धडा एकाच वेळी घ्यायचा नाही, नाहीतर थबकायचं सोडून तो झडप घालतो.

आवाजाची सवय टिकल्यांच्या पिस्तुलाने, आधी पन्नास-साठ मीटरवरून, कुत्रा कामात गुंग असताना. कान मागे गेले की अंतर वाढवायचं. दिवाळीच्या आठवड्यात हा धडा बंद.

आपल्या भागाची काळजी वेगळी घ्यावी लागते. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, कांद्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणून बाग आणि कांद्याची चाळ दोन्हींपासून लांब. प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यात कुत्रा उतरवूच नये : कड इतकी निसरडी असते की पोहणारा लॅबही वर चढू शकत नाही. पाण्याचा सराव उताराच्या मातीच्या काठावरच. उसाच्या कडेला दिवस मावळल्यावर थांबत नाही, बिबट्याला कुत्रा सोपं भक्ष्य आहे. नांदूरमध्यमेश्वरला तर कुत्रा न्यायचाच नाही, ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे. मार्चपासून पावसापर्यंत टिटवीची अंडी उघड्यावर असतात, त्या रानात आम्ही जात नाही. पावसानंतर कुसळी गवताची कुसळं कानात आणि बोटांच्या बेचक्यांत शिरतात, कुत्रा सारखं डोकं झटकू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर सराव नाही. येताना लसींचं कार्ड, छातीचा पट्टा आणि पाण्याचं भांडं आणा, आणि निघण्याआधी दोन तास खायला देऊ नका. मालकाशिवाय आम्ही कुत्रा ठेवून घेत नाही. शिट्टी शेवटी त्यालाच वाजवायची आहे.