लायपेज नॉर्मल आलं तरी

कळ उठली की मी पोटाशी उशी धरून पुढं वाकून बसते. आडवं पडलं तर ती पोटातून थेट पाठीत शिरते. मला जुनाट पॅन्क्रियाटायटीस आहे, म्हणजे स्वादुपिंडाची जुनी सूज, त्यात खडेही झालेत. दारूला मी कधी शिवले नाही, तरी कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न दारूचाच, आणि तोही मला नाही, यांना विचारतात. दक्षिण भारतात दारूशिवायही हा आजार होतो, तरुण वयात होतो. रात्रपाळीच्या डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं.

आमचं गाव खानापूर तालुक्यात. पावसात रात्री १०८ ला फोन लावायचा, नाहीतर भाऊजी गाडी काढतात. बेळगाव येईपर्यंत रस्त्यातला खड्डा न् खड्डा पाठीत कळतो.

एका दवाखान्यात रक्त तपासलं, लायपेज नॉर्मल आलं. लायपेज म्हणजे स्वादुपिंडाचं एन्झाइम, झटक्यात ते सहसा रक्तात वाढतं. "गॅस धरलाय," म्हणून मला बाकावर बसवलं. खरं कारण वेगळं असतं. वर्षानुवर्षं सुजून ग्रंथी निबर होते, एन्झाइम बनवणाऱ्या पेशीच कमी उरतात. मग झटका आला तरी लायपेज वाढेलच असं नाही. आकडा बरोबर असतो आणि माणूस तळमळत असतो. त्यात इंजेक्शनचं नाव घेतलं की नजरा बदलतात. ट्रामाडॉल हे दुखण्यावरचं जोरदार औषध २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आलंय, जपूनच द्यावं, हे मला पटतं. पण जपून देणं वेगळं आणि ताटकळत ठेवणं वेगळं.

शेवटी आमच्या पोटाच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर एक पान लिहून दिलं. निदान, सीटी स्कॅनची तारीख, लायपेज नॉर्मल असलं तरी दुखणं खरं धरा, कुठलं इंजेक्शन किती द्यायचं, कशाची ॲलर्जी, त्यांचा फोन नंबर. इंग्रजीत आहे, त्यामुळं कन्नड बोलणाऱ्या सिस्टरनाही समजावत बसावं लागत नाही. एक प्रत यांच्या पाकिटात, एक भाऊजींच्या गाडीत. आता सलाईन आणि इंजेक्शन लवकर मिळतं, चौकशी मागाहून होते.

ताप, पिवळे डोळे, रक्ताची उलटी असेल तर मात्र हे पान शोधत बसू नका, आधी निघा.

घरी असा पेशंट असेल तर बरं असतानाच्या भेटीत हे पान मागून घ्या. साखरेचंही त्यात लिहायला सांगा. या आजारात पुढं डायबेटीस होऊ शकतो, आणि इन्सुलिन चालू असेल तर ते कॅज्युअल्टीत आधी कळलं पाहिजे.