तुम्ही विचारलंत म्हणून: पळणाऱ्यांचं गणित

“आग लागली की माणसं वाट फुटेल तिकडे पळतात. त्याचं कसलं आलंय गणित?” माझं काम कळलं की हा प्रश्न हमखास येतो. एखादी इमारत किंवा स्टेशन रिकामं व्हायला किती वेळ लागेल, हे मी कॉम्प्युटरवर काढते. पडद्यावर प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका.

खरं सांगू? पळण्याचं गणित त्यातल्या त्यात सोपं. हेल्बिंग आणि मोल्नार या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९५ मध्येच त्याची समीकरणं मांडली: जायचंय तिकडची ओढ, भिंतीपासून आणि शेजाऱ्यापासून राखलेलं अंतर, सगळं बलांच्या भाषेत. त्याच वाटेने २००० साली हेही दिसलं की अरुंद दाराशी सगळ्यांनीच घाई केली की दार तुंबतं आणि उलट वेळ जास्त लागतो.

घोडं अडतं ते त्याच्या आधी. माणसं उठतच नाहीत! लाटाने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा १९६८ चा प्रयोग बघा. लोक प्रश्नावली भरत बसलेत आणि खोलीत धूर सोडलाय. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर येऊन सांगितलं. शेजारी प्रयोग करणाऱ्यांचेच दोन ढिम्म बसणारे साथीदार ठेवले, तर फक्त १० टक्के लोकांनी. बाकीचे खोकत, हाताने धूर वारत लिहीत राहिले.

हसू नका. आमच्या ऑफिसात अलार्म वाजला तेव्हा मी आधी फाइल सेव्ह केली. मग चार्जरची वायर गुंडाळली, नीट, रबरबँड लावून. मग शेजारचा उठतोय का ते पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. आणि मी याच कामाचा पगार घेते!

दाराचंही तसंच. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ नाइटक्लबच्या २००३ च्या आगीत १०० माणसं गेली. दुसरी दारं होती, पण बहुतेकजण आत आले त्याच पुढच्या दाराकडे वळले.

माझ्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये सगळे ठिपके शहाण्यासारखे जवळच्या दाराने निघायचे. आता काही आधी जागीच घुटमळतात, काही जिन्यात गर्दीच्या उलटे वर चढतात. परवा एका आर्किटेक्टने त्यातल्या एकावर बोट ठेवून विचारलं, “इथे काहीतरी चुकलंय का?”

म्हटलं, नाही. त्याचं मूल तिसऱ्या मजल्यावर आहे.