तुम्ही विचारलंत म्हणून: लोणी पहाटेच का काढायचं?

"दिवसभर वेळ असतो की, मग लोणी काढायला पहाटेच कशाला उठायचं?" हे मला इतक्या जणींनी विचारलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

आमच्या आजीकडे घुसळखांब होता, त्याला मोठी रवी अडकवलेली, दोरीचे वेढे घातलेले आणि दोन्ही टोकं आळीपाळीने ओढायची, समुद्रमंथनाच्या चित्रात असतं ना अगदी तस्संच. उन्हं वर आली की रवीला हात लावायचा नाही हा तिचा नियम, आणि मला तो शंभर टक्के पटतो, कारण साय गार असली की त्यातलं फॅट थोडं घट्ट असतं, घुसळताना त्याचे कण फुटून एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. साधारण १५ अंशांच्या आसपास हे छान जमतं. उन्हाळ्यात दुपारी घुसळलंत तर फॅट पातळ होऊन लोणी ताकातच तेलकट पसरतं, आणि ऐन थंडीत साय जास्तच गार असली तर नुसताच फेस येत राहतो, तेव्हा थोडं कोमट पाणी घालायचं. फ्रीज नव्हता तेव्हा पहाटेचाच काय तो गारवा!

लोणी यायला लागलं की आधी आवाज बदलतो बरं का. घट्ट घुमणारा आवाज जाऊन पाणी हिंदकळल्यासारखा येतो, रवीच्या पाकळ्यांवर बारीक रवाळ कण दिसतात, त्याच वेळी गार पाणी घालायचं आणि हात हळू करायचा. म्हशीचं लोणी पांढरंशुभ्र, गाईचं पिवळसर, त्यात भेसळ वगैरे काही नसते, गाईच्या दुधात कॅरोटीन असतं म्हणून.

तिन्हीसांजेला विरजण घराबाहेर द्यायचं नाही हे मात्र मी पाळत नाही. शेजारीण दारात वाटी घेऊन आली आणि तिला परत पाठवायचं, हे मला जमतच नाही. ताक तर तेव्हाही सगळ्या आळीला फुकटच मिळायचं, ताकाला जाऊन भांडं लपवायची म्हण काय उगाच पडलीये!

मिक्सरमध्ये केलंत तरी चालेल हो, फक्त थांबत थांबत फिरवा, नाहीतर साय गरम होते. लोणी गार पाण्याने दोन-तीनदा धुवा, ताक राहिलं की वास येतो. आणि कढवताना विड्याचं पान टाकाच, तूप खमंग होतं, खालची बेरी साखर घालून मुलांना द्या.