थोडा प्ले ठेवायचा

अष्टमी, रात्री

उद्या खंडेनवमी. आमच्याकडे हत्यारं एकदा पुजली की दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, म्हणून मोटरसायकलचं सर्व्हिसिंग आजच उरकणं भाग होतं.

सकाळी सहाला पार्किंगमध्ये उतरलो. इतक्या लवकर उठण्यामागे भक्ती नव्हती, टॅपेट होतं. टॅपेटची फट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि ते दाबून उघडणारे रॉकर यांच्यातली बारीकशी जागा, मोजायची तर इंजिन पार थंड हवं. माझ्या मॅन्युअलमध्ये ३५ अंशांच्या खाली असं चक्क छापलंय. म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. सर्व्हिस सेंटरला गाडी आपण चालवत नेतो, ती तापलेलीच आत जाते आणि दुपारी बिलावर ‘टॅपेट सेटिंग’ लिहून येतं. मध्ये ती थंड कधी झाली, असं मी एकदा काउंटरवर विचारलं होतं. ‘सर, आता आवाज येतोय का? नाही ना?’ एवढंच उत्तर मिळालं.

आवाज बंद झाला हेच तर मला खटकलं होतं. टॅपेट किंचित वाजलं तर फार बिघडत नाही. फट अगदी संपली तर मात्र इंजिन तापल्यावर धातू प्रसरण पावतो, व्हॉल्व्ह आपल्या जागी पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि एक्झॉस्टचा, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह हळूहळू जळायला लागतो. तेही अगदी शांतपणे. गिऱ्हाईकाला आवाज नको असतो, मेकॅनिकला वाद नको असतो, आणि त्या दोघांच्या समझोत्यात इंजिनाचं मत कुणी विचारत नाही.

फ्लायव्हीलवरची (क्रँकबरोबर फिरणाऱ्या चाकावरची) ‘टी’ खूण इंजिनाच्या छोट्या खिडकीतल्या रेषेशी जुळवली, दोन्ही रॉकर हाताला सैल लागतायत का बघितलं. लागत नव्हते, म्हणून क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवला. (खूण प्रत्येक फेऱ्याला जुळते, पण दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात ते एकाआड एक फेऱ्यालाच.) इनलेटला ०.०८ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.१२. एक्झॉस्ट जास्त तापतो, म्हणून त्याला जागाही जास्त. फीलर गेजची (फट मोजायच्या पट्टीची) पाती फटीतून अडकत नाही पण किंचित ओढ लागून निघते, ती जाणीव बोटांना कळायला वेळ लागतो. कळली की मग आकडा बघायचीही फारशी गरज वाटत नाही. तरी मी बघतो.

मग गाडी पाच मिनिटं चालू ठेवली, कारण ऑइल कोमट असेल तरच नीट निथळतं. टॅपेट थंड आणि ऑइल गरम, हा क्रम उलटा झाला की अख्खी सकाळ वाया.

जुनं ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टने आज परीक्षा घेतली नाही. वॉरंटी संपेपर्यंत गाडी सर्व्हिस सेंटरलाच जात होती, तेव्हाचा अनुभव वेगळा. नंतर मी पहिल्यांदा तो बोल्ट खोलला तेव्हा सतरा नंबरच्या पान्याला पाइप घालून लोंबकळावं लागलं होतं. सर्व्हिस सेंटरमध्ये हवेच्या गनने ठासून आवळलेला. बोल्ट स्टीलचा, चेंबर ॲल्युमिनियमचा. अशा जोरजबरदस्तीत आटे जातात ते चेंबरचे, आणि भुर्दंड पडतो तो गाडीच्या मालकाला. मॅन्युअल म्हणतं ३० न्यूटन मीटर. नवीन वायसर टाकून तेवढाच आवळला तर थेंबभर ऑइल गळत नाही. असा मोजून आवळणारा पाना, टॉर्क रेंच, घेतला तेव्हा घरात सगळे हसले होते, कारण त्याच्या किमतीत दोन-तीन सर्व्हिसिंग झाल्या असत्या. पैसे वाचवायला हे करतो असं मी म्हणूच शकत नाही.

ऑइल १० डब्ल्यू ३०, डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारं, असा शिक्का) लिहिलेलं बघून घेतलेलं. कारचं महागडं ऑइल घालावं असं ऑफिसातले एक साहेब दरवेळी सुचवतात. आपल्या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. क्लच घसरायला लागतो. हे त्यांना सांगितलंय. पुन्हा सांगावं लागेल.

वॉचमनकाका खुर्ची ओढून बसले होते. ‘साहेब, गॅरेज काढताय काय?’ हे झालंच. मग चेन बघून म्हणाले, ‘ढिली आहे, ओढून घ्या.’ ढिली नव्हती. मधोमध वरखाली २५ मिलिमीटर हलत होती, हवी तेवढीच. स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, जिथे फिरतो तो पिन आणि पुढचं स्प्रॉकेट यांचा मध्य एक नसतो, त्यामुळे मागे कुणी बसलं, खड्डा आला की चेन आपोआप ताणली जाते. उभ्या गाडीवर ताठ केलेली चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते. काकांना सीटवर बसवलं आणि चेन हाताला लावून दाखवली. ‘अरेच्चा,’ म्हणाले. मग क्लचची केबल मी तपासली. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल, ती होती. ती नसेल तर प्लेटा कधीच पूर्ण दाबल्या जात नाहीत आणि झिजत राहतात.

आज काम करताना हेच डोक्यात घोळत होतं. जवळपास प्रत्येक ठिकाणी मॅन्युअल थोडी मोकळीक, म्हणजे प्ले, ठेवायला सांगतं, आणि घाईत काम करणारा हात ती मोकळीक खाऊन टाकतो, कारण घट्ट केलं की काम झाल्यासारखं वाटतं.

चेनला रॉकेल मिळालं नाही, डिझेलने धुतली, नव्वद नंबरचं (जाडसर गिअर) ऑइल सोडलं. एअर फिल्टर बदलला. प्लग ठीक होता.

काळं ऑइल जुन्या डब्यात भरून कोपऱ्यावरच्या गॅरेजला दिलं, त्यांच्याकडचं पिंप भरलं की नेणारा येतो. गावी हेच ऑइल कुंपणाच्या लाकडी खांबांना फासायचे, वाळवी लागू नये म्हणून. इथे गटारात ओतणारे पाहिलेत मी, आमच्याच सोसायटीत.

सगळं मी करत नाही. कोनसेट (हँडलचे बेअरिंग), फोर्कचे ऑइल सील, क्लच प्लेटा हे त्याच कोपऱ्यावरच्या मेस्त्रींकडे. त्यासाठी लागणारे पुलर (भाग ओढून काढायची अवजारं) घरी आणून ठेवायला जागा नाही आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. फक्त मी शेजारी उभा राहतो, ते त्यांना चालतं.

ब्रेक ऑइल राहिलं. दोन वर्षं उलटून गेलीत. ते हवेतली ओल धरतं. कोरडं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. घाट उतरताना ते कळायला नको. दसरा झाला की पुण्याच्या नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांत जाऊन छोटी सीलबंद बाटली आणायची, मोठी नको, उघडी पडून खराब होते. ब्रेक पॅडही तिथूनच.