दोन तोट्यांचं भांडं

पेरू देशातल्या कायाओ बंदरात माल उतरवायला वेळ लागत होता, म्हणून मला अर्धा दिवस किनाऱ्यावर जायला मिळालं. टॅक्सी केली आणि लिमातलं लार्को म्युझियम गाठलं. रफाएल लार्को यांनी १९२६ साली ते सुरू केलं. इथे कोठारसुद्धा बघायला खुलं आहे. छतापर्यंत काचेची कपाटं आणि त्यांत दाटीवाटीने ठेवलेली हजारो भांडी.

मी खिळलो एका नास्का भांड्यापाशी. पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावर, वाळवंटातल्या नदीखोऱ्यांत हे लोक इसवी सनाच्या पहिल्या सहा-सात शतकांत राहत होते. भांडं शहाळ्याएवढं, गोल. वर दोन बारीक तोट्या आणि त्यांना जोडणारी पट्टीसारखी मूठ.

मी इंजिन रूमचा माणूस. आमच्या प्रत्येक टाकीला एअर व्हेंट असतो. तो तुंबला की पंप कितीही ओढू दे, तेल नीट येत नाही. इथे एका तोटीतून ओतायचं, दुसरीतून हवा आत शिरणार. म्हणजे धार गचके न खाता पडणार. ज्याने हे घडवलं त्याला हवेचं काम नेमकं कळलं होतं, आणि तेही चाकाशिवाय! तिकडे कुंभाराचं चाक नव्हतंच, सगळं हाताने उभारलेलं.

रंग तर बघत राहावेत असे. त्यांच्या आधीचे पाराकासचे कुंभार भाजून झाल्यावर राळेत कालवलेले रंग लावत. नास्कावाल्यांनी रंगीत मातीचे पातळ लेप भाजण्याआधीच दिले आणि घोटून गुळगुळीत केले. म्हणून तांबडा, पिवळट, काळा अजून जसाच्या तसा. दर फेरीला जहाजाचा पोपडे धरलेला रंग खरवडताना बघणाऱ्याला याची किंमत कळते.

आणि पोटावर चित्र कसलं, तर मिरच्यांचं! लालभडक, टोकदार, प्रत्येकीला वेगळं देठ. मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. ही त्याच्या हजारेक वर्षं आधीची.

रात्री रत्नागिरीला आईला फोटो पाठवला. तिने मोठा करून बघितला आणि लगेच फोन केला.

"अरे, देठं हिरवी नाही काढलीन?"

"नाही गं, काळी आहेत."

"मग वाळवलेल्या असतील. साठवणीच्या."

मी फोटो परत उघडला. सगळ्या मिरच्या जराशा वाकलेल्या होत्या.